तातांच्या पुढं कोण जाईल?

केलर्सबर्ग, नेब्रास्का
१९ ऑक्टोबर १९९७

प्रिय निकानोर,

एक कोडे घालते. ते तुझ्याही पाहण्यात आले असेल, फक्त कोडे म्हणून तू त्याच्याकडे कधी पाहिले नसशील. व्याख्यान असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो की चर्चमधली रविवारची मिस्सा असो, पुढची बाके रिकामी राहतात आणि माणसे मागे दाराशी खांद्याला खांदा लावून उभी असतात. ज्या गोष्टीसाठी माणूस घरून निघाला, तिच्या जवळ जायला मोकळी जागा असताना तो दूर का थांबतो?

एरवी मी हे गंमत म्हणून विचारले असते. आता मात्र आमच्या दहाच्या मिस्सेचे भवितव्य या प्रश्नावर टांगलेले आहे. बिशपसाहेबांनी या धर्मप्रांतातल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांचे सेवाकार्य माझ्याकडे सोपवले, तेव्हा पहिली मागणी मी हीच केली होती की संत बोनिफास चर्चमध्ये रविवारी सकाळी दहाला त्यांच्या भाषेत मिस्सा व्हावी. ती झाली. पण दहाची वेळ पूर्वी इथल्या जुन्या जर्मन कुटुंबांची होती. ती मंडळी आता आठला येतात आणि ही गोष्ट विसरत नाहीत.

चर्चच्या परिषदेचे अध्यक्ष ऑर्विल श्टाइनके आठला मिस्सा ऐकतात आणि किती माणसे जमतात ते पाहायला पुन्हा दहाला येऊन पहिल्या बाकावर एकटेच बसतात. मक्याचा आणि गुरांचा शेतकरी, सरळ आणि हट्टी. मिस्सा संपली की मान वळवून मला म्हणतात, "सिस्टर, माझ्या मागं बघा. ओळीच्या ओळी ओसाड. एवढं मोठं चर्च तापवायचं कुणासाठी? दुपारी तीनला शाळेच्या तळघरात मावतील की सगळे."

"दाराशी केवढी गर्दी आहे ते पाहिलंत का?"

"दाराशी उभा राहतो तो निघायच्या तयारीत असतो. आमच्या गुरांनासुद्धा कळतं, चारा कुठं ठेवलाय ते."

दुपारी तीनची मिस्सा म्हणजे मिस्सा नाहीच. मांसाच्या कारखान्याची रविवारची पाळी दोनला लागते आणि आमची बहुतेक माणसे त्याच पाळीत आहेत. फेब्रुवारीत मेणबत्त्यांच्या सणाच्या रविवारी बिशपसाहेब स्वतः येऊन पाहणार आणि त्या दिवशी निर्णय देणार.

बाबांनी भूमितीच्या तासाला शिकवल्याप्रमाणे मी पायरीपायरीने निघाले. पहिले अनुमान रडणाऱ्या मुलांचे. पण ज्यांना मुले नाहीत तेही मागेच. दुसरे अनुमान उशिरा येण्याचे. पण सर्वांत आधी येणारा म्हातारा रिकाम्या चर्चमध्येसुद्धा हातात टोपी घेऊन उंबऱ्याशी उभा राहतो! त्याचे नाव फिदेन्सियो. सीमेपलीकडच्या तुझ्याच डोंगरातल्या सान बार्तोलो गावचा. त्याच्या गावची माणसे त्याला मानाने ताता म्हणतात. मी त्याला म्हटले, "ताता, पुढे बसा ना, गुडघे दुखत असतील." "हो सिस्टर, बसतो की," असे म्हणून तो तिथेच उभा राहिला.

तिसरे अनुमान मला सुचत नाही. रात्री अंथरुणावर पडले की डोळ्यांसमोर ती रिकामी बाके येतात. तू इतकी वर्षे त्या लोकांत पाद्री आहेस. सांग.

तुझी,
लेओकादिया

धर्मग्रामाचे चर्च, पुएब्लो नुएवो
९ नोव्हेंबर १९९७

प्रिय ताई,

तुझे पत्र वाचताना बाबा फळ्यासमोर खडू घेऊन उभे आहेत असाच भास झाला. तू नन झालीस, पण तुझ्यातली मास्तरीण काही गेली नाही.

तिसरे अनुमान माझ्याकडे तयार आहे, नम्रता. शुभवर्तमानातला जकातदार आठव. तो दूर उभा राहिला, वर पाहण्याचेही धाडस त्याला झाले नाही. आमचे डोंगरातले लोक तसेच. परक्या देशात, परक्या चर्चमध्ये, चकचकीत लाकडाच्या बाकांवर बसायला ते बिचकत असणार. लाजऱ्या माणसाला विनवून उपयोग नसतो. मागच्या बाकांना दोर बांध. मेंढरे वाड्यात घ्यायची तर मागची वाट बंद करावी लागते.

हे लिहिताना एक गोष्ट मनात खटकते, तीही सांगून टाकतो. सान बार्तोलोला मी सणासुदीला जातो. तिथे पहिले बाक कधीच रिकामे नसते. दोनचार जण तिथे एवढ्या गंभीर चेहऱ्याने बसलेले असतात की जणू निकाल ऐकायला आलेत. म्हणजे ही माणसे जात्याच लाजरी नाहीत. तिकडची थंडी लागून झाली असतील!

दोर बांधून पाहा आणि कळव.

तुझा,
निकानोर

केलर्सबर्ग
१ डिसेंबर १९९७

प्रिय निकानोर,

दोर बांधला. नाताळपूर्व काळाचा पहिला रविवार होता, म्हणून जांभळ्या फिती घेतल्या, म्हणजे ते शोभेचे वाटेल. कारखान्याच्या फाटकावर मक्याच्या पिठाचे गरम तमाले विकणारी आणि आमच्या गायकवृंदाची प्रमुख असलेली एउलालिया माझ्याबरोबर गाठी मारत होती आणि प्रत्येक गाठीला म्हणत होती, "सिस्टर, हे काही खरं नाही."

दहा वाजले. घंटा झाली. चर्चमध्ये कोणीच नाही. पुढे नाही, मागेही नाही.

मी बाहेर धावले. सगळी माणसे अंगणात बर्फात उभी होती, बायाबापड्या, कडेवर मुले. दार उघडे ठेवावे लागले. आतून फादरांनी प्रार्थना म्हणायची आणि बाहेरून वाफेबरोबर उत्तर यायचे. ऑर्विल पहिल्या बाकावर कोटाची कॉलर वर करून कुडकुडत बसले होते. ताता तर सर्वांहून दूर, फाटकाजवळ होते. टोपीवर बर्फ साचला होता.

"ताता, आत चला हो."

"आमचं इथं बरं आहे, सिस्टर. ऐकू येतं."

मिस्सा संपल्यावर ऑर्विल म्हणाले, "आता तर दाराशीही कुणी नाही." त्यांच्या स्वरात कुचेष्टा नव्हती, खेद होता, आणि तोच मला जास्त लागला.

फिती मी त्याच दुपारी सोडल्या. तुझी नम्रता चुकीची ठरली, निकानोर. नम्र माणूस रिकाम्या चर्चमध्ये शेवटी येऊन बसतो. तो बर्फात उभा राहत नाही. या लोकांना कोणी तरी थांबवून धरले आहे, आणि ते कोण हे मला दिसत नाही. मला एका जागी बसवत नाही. काल मी कार्यालयातली कपाटे विनाकारण दोनदा आवरली.

तुझी,
लेओकादिया

पुएब्लो नुएवो
१४ डिसेंबर १९९७

प्रिय ताई,

मेंढरांची उपमा मी मागे घेतो. ज्याने ती लिहिली तोच मेंढरू.

ग्वादालुपे मातेच्या सणाची धामधूम आटोपून बसलो तेव्हा एक विचार आला. तू त्या लोकांकडे आजवर कुठून पाहिलेस? वेदीजवळून. मी कुठून पाहतो? वेदीवरून. आपल्याला त्यांचे चेहरे दिसतात, पण ते कशाकडे पाहतात ते दिसत नाही. बाबा म्हणायचे ना, आकृती सुटत नसेल तर वही फिरवून बघा.

एक रविवार तू मागे उभी राहा.

निकानोर

केलर्सबर्ग
२२ डिसेंबर १९९७

प्रिय निकानोर,

वही फिरवली आणि आकृती सुटली!

काल मी सर्वांच्या आधी जाऊन दाराशी, पवित्र पाण्याच्या भांड्याजवळ उभी राहिले. ताता आले, मला पाहून थोडे गोंधळले, मग उंबऱ्यावरच्या आपल्या जागी उभे राहिले. त्यानंतर सान बार्तोलोचा जो जो माणूस आला, त्याने आधी बोटे पाण्यात बुडवली नाहीत, वेदीकडेही पाहिले नाही. आधी पाहिले तातांकडे. मान किंचित लववली. मग तातांच्या शेजारी किंवा मागे जागा शोधली. पुढे एकही गेला नाही. इतर गावांचे, इतर देशांचे लोक आत शिरले, त्यांनी सगळ्यांना मागे उभे पाहिले आणि इथली रीत अशीच असणार असे समजून तेही थांबले. एक माणूस थांबला म्हणून गाव थांबले, आणि गाव थांबले म्हणून चर्च थांबले.

मिस्सेनंतर मी एउलालियाला गाठले. तीही सान बार्तोलोचीच.

"तातांच्या पुढं कोण जाईल, सिस्टर? तुम्ही जाल का?"

"मी तर दर रविवारी जाते."

"तुमचं सोडा. तुम्ही शिकलेल्या," ती म्हणाली, आणि मग आपणच हसली. "म्हणजे तुम्हाला कळत नाही, म्हणून चालतं."

"पण ते स्वतः का थांबतात?"

ती हसायची थांबली. तमाल्यांच्या पातेल्याचे फडके नीट करत सांगू लागली.

आपण मोरेलिया शहरातली मुले, आपल्याला हे ठाऊक नव्हते. सान बार्तोलोत गावचा बाळ येशू, म्हणजे त्याची मूर्ती, चर्चमध्ये राहत नाही. दर वर्षी एक घर त्याला सांभाळते. त्या घराने वर्षभर त्याची सेवा करायची, दार उघडे ठेवायचे, येईल त्याला जेवू घालायचे. याला ते भार म्हणतात, आणि ज्याच्याकडे भार आहे तो भारकरी. पहिले बाक भारकऱ्याचे, किंवा ज्याला पुढचा भार घ्यायचा आहे त्याचे. बाकी कोणी तिथे बसत नाही. तुझे ते गंभीर चेहऱ्याचे लोक हेच! वर्ष संपले की जुना भारकरी बाळाला नव्याच्या हाती देतो, आणि त्या वर्षीचा बाळाचा अंगरखा खूण म्हणून आपल्याकडे ठेवतो. असा अंगरखा ज्याच्या घरी आहे, तो गावात मोठा.

ताता फिदेन्सियो भारकरी होते. वर्ष अर्धे झाले असताना इथल्या कारखान्यात त्यांच्या मुलाचा हात यंत्रात सापडल्याची बातमी गेली. बाळ येशूला धाकट्या भावाच्या, अबुंदियोच्या, ओसरीवर ठेवून ताता इकडे आले. चार आठवड्यांसाठी आले ते परतलेच नाहीत. मुलगा पुढे बरा झाला, त्याचे लग्न झाले, पण तातांनी गावाला पत्र लिहिले नाही आणि गावाकडूनही आले नाही.

"अर्धा भार टाकून आलेला माणूस आत कसा येईल, सिस्टर? त्याची जागा उंबऱ्यावरच. त्यांना कुणी सांगितलेलं नाही, त्यांनीच ठरवलं. पण आमच्यात तेच सगळ्यांत वडील. वडील उंबऱ्यावर आणि आम्ही मखमली बाकावर? तोंड कुठं लपवायचं?"

मी फिती बांधल्या तेव्हा काय केले ते आता मला कळते. उंबऱ्यावरची जागासुद्धा मी त्यांच्याकडून काढून घेतली.

निकानोर, सान बार्तोलोला जा. तो भार पुढे कसा झाला ते विचार. बातमी वाईट असली तर वाईट लिही. पण लवकर लिही. मेणबत्त्यांचा सण दाराशी आला आहे आणि मी टपालपेटीकडे दिवसातून कितीदा जाते ते सांगायची लाज वाटते.

तुझी,
लेओकादिया

पुएब्लो नुएवो
१२ जानेवारी १९९८

प्रिय ताई,

काल सान बार्तोलोला जाऊन आलो. अबुंदियो अंगणात कणसे सोलत होता.

मी म्हटले, "तुझ्या भावाबद्दल बोलायचंय."

"फिदेन्सियो? मेला का?"

"नाही. दाराशी उभा आहे."

"कुठल्या दाराशी?"

"तिकडच्या चर्चच्या. गेला तेव्हापासून. भार अर्धा टाकला म्हणून आत येत नाही."

त्याच्या हातातले कणीस तसेच राहिले. मग तो उठला आणि कोंबड्यांवर ओरडला, कारण ओरडायला दुसरे कोणी जवळ नव्हते. "गाढव! जन्माचा गाढव! भार काय एका माणसाचा असतो? घराचा असतो. मी होतो, माझी बायको होती. आम्ही बाळाला नाचवलं, लोकांना जेवू घातलं, सगळं केलं. सोपवायच्या दिवशी सगळ्या गावासमोर नाव कुणाचं घेतलं? फिदेन्सियोचं! भार पुरा झाला, फादर. केव्हाच पुरा झाला."

"मग त्याला कळवलं का नाहीस?"

"त्यानं विचारलं का नाही? धाकट्यानं थोरल्याला लिहायचं, की तुझं काम मी उरकलं? टोमणा वाटला असता तो. मला वाटलं, तिकडं मोठा झाला, विसरला आम्हाला."

ताई, एकाला वाटले गावाने वाळीत टाकले, दुसऱ्याला वाटले भावाने टाकले. दोघांनीही एकमेकांचा मान राखण्यासाठी तोंड मिटले.

अबुंदियोची बायको आत गेली आणि कापडात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आली. बाळ येशूचा त्या वर्षीचा अंगरखा. "हा त्यांचा," ती म्हणाली. "आम्ही नुसता सांभाळला." अबुंदियो म्हणाला, "त्याला सांगा, गाढव म्हणालो म्हणून. आणि पहिल्या बाकामागं जुन्या भारकऱ्यांची रांग असते, तिथं त्याची जागा अजून कुणी घेतलेली नाही."

अंगरखा याच टपालाने वेगळ्या पार्सलात पाठवतो आहे. तो वेळेवर पोहोचावा म्हणून आज मिस्सेत प्रार्थना केली. टपालखात्यासाठी मी पहिल्यांदाच प्रार्थना केली.

तुझा,
निकानोर

केलर्सबर्ग
२ फेब्रुवारी १९९८

प्रिय निकानोर,

तुझे पत्र आधी आले. पार्सल येईना. मी पोस्टात इतक्यांदा गेले की खिडकीमागची बाई मला पाहताच मान हलवू लागली. शेवटी शुक्रवारी ते आले आणि मी तशीच तातांच्या घरी गेले.

त्यांनी तुझे पत्र मला दोनदा वाचायला लावले.

"गाढव म्हणाला?"

"हो, ताता. दोनदा."

"म्हणजे राग गेला त्याचा." मग त्यांनी अंगरखा उलगडला, शिवणीवरून अंगठा फिरवला. शेवटी म्हणाले, "रविवारी येतो."

"दर रविवारी येताच की."

"आत येतो."

काल चर्च भरले, म्हणजे नेहमीप्रमाणे मागेच भरले. सणाच्या रीतीने प्रत्येक घराने आपापला बाळ येशू नवे कपडे घालून आणला होता. बिशपसाहेब वेदीवर होते. ऑर्विल पहिल्या बाकावर, नेहमीसारखेच एकटे. आणि मध्ये ती ओसाड बाके.

एउलालियाने चर्चमधला बाळ येशू तो जुना, पिवळसर झालेला अंगरखा घालून तातांच्या हातात दिला. सान बार्तोलोच्या लोकांनी तो ओळखला. एक हुंकार दारापासून भिंतीपर्यंत गेला. तातांनी उंबरा ओलांडला. एक बाक, दुसरे बाक. त्यांच्यामागे बुटांचा आवाज सुरू झाला, आणि पाण्याचा बांध फुटावा तशी सगळी माणसे त्यांच्या पाठोपाठ आत आली. इतर देशांचे लोकही आले, कारण सगळेच चालले होते.

मला वाटले, ताता बाळाला वेदीजवळ ठेवतील. ते पहिल्या बाकाशी थांबले, वाकले आणि बाळ येशू ऑर्विल श्टाइनकेंच्या हातात ठेवला.

ऑर्विलनी नवजात वासरू धरावे तसा त्याला दोन्ही हातांनी छातीशी धरला. "हे काय? सिस्टर, मला का?"

मी तातांना विचारले. ताता म्हणाले, "ते इथं बसलेत ना. दर रविवारी बसतात. एवढी वर्षं आम्ही बघतोय, या माणसाला भार हवाय आणि द्यायला कुणी पुढं येईना."

मागून एउलालिया कुजबुजली, "आम्ही तर घरी म्हणायचो सिस्टर, बिचारा किती वाट बघतोय. सारखा मान वळवून बघतो, कुणी येतंय का म्हणून."

मी भाषांतर केले. आयुष्यात इतके काळजीपूर्वक भाषांतर मी कधी केले नव्हते. ऑर्विलनी ते ऐकले आणि मागे पाहिले. या खेपेला मागे ओसाड बाके नव्हती. माणसे होती, आणि ती सगळी त्यांच्याकडे कौतुकाने पाहत होती. त्यांचे कान लाल झाले. बाळाचा अंगरखा सारखा करत त्यांनी विचारले, "याला काय काय लागतं?"

"जागा," ताता म्हणाले. "उघडं दार. आणि दर रविवारी मिस्सेला आणायचं. भारकऱ्याशिवाय मिस्सा सुरू होत नाही."

ताता मग दुसऱ्या बाकाच्या कडेला बसले. ते बसल्यावर मगच इतर बसले.

मिस्सेनंतर बिशपसाहेबांनी परिषदेच्या अध्यक्षांचे मत विचारले. ऑर्विल अजून बाळाला धरूनच होते. "तीनला मला जमणार नाही, बिशपसाहेब," ते म्हणाले. "तीनला गुरांचा चारा असतो. याला आणायचं तर दहालाच आणीन." बिशपसाहेबांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिले आणि निर्णय दिला: श्टाइनके भार दुसऱ्याच्या हाती सोपवीपर्यंत मिस्सा दहालाच.

म्हणजे एक वर्ष. त्यापुढे काय, हा विचार आज पहाटेपासून मला पुन्हा कुरतडतो आहे. पुढच्या वर्षी पहिल्या बाकावर कोणाला तरी बसावे लागेल. आणि तातांनी खरोखरच चूक केली की सगळे उमजून केले, हेही मला कळलेले नाही. विचारले तर म्हणतात, "हो सिस्टर, सांगतो की."

आज सकाळी एउलालिया तमाल्यांचे पातेले घेऊन ऑर्विलच्या घरी गेली होती. दार उघडे होते म्हणे.

माझे कोडे तुलाही एकदा पडताळून पाहता येईल. पुढच्या वेळी एखाद्या सभेत पुढच्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या, तर "पुढे या, पुढे या" असे ओरडू नकोस आणि दोर तर मुळीच बांधू नकोस. मागे जा, दाराशी उभा राहा, आणि आत येणारा प्रत्येक जण सर्वांत आधी कोणाकडे पाहतो ते बघ. त्या सगळ्या नजरा जिथे मिळतील तिथे एक माणूस उभा असेल. त्याला विचार, तू कशासाठी थांबला आहेस. मग त्याने एक पाऊल पुढे टाकले की त्याच्याकडे पाहू नकोस, बाकीच्यांच्या पायांकडे बघ.

तुझी,
लेओकादिया